कॅमेऱ्यापुढं घेतलेलं नाव

दिवाळी अंकासाठी लिहा म्हणून सांगितलं तवा मी आधी न्हाईच म्हणले. नववीत असतानाच माझं लगीन झालं अन् शाळा सुटली, अन् लिहायचं म्हणलं की अजून माझ्या हाताला घाम येतो. पण सांगणारे म्हणले, ताई, जसं बोलता तसंच लिहा, बिघडलेलं आमी नीट करून घेऊ. आता बोलायचंच असंल तर मला दम लागोस्तोवर बोलता येतं, म्हणून लिहून राहिले. मधूनच पोरगी हाक मारंल, तवा कुठं तुटल्यासारखं वाटलं तर समजून घ्या.

माझं काम काय हाये ते सांगताना मला लई तकलीफ होती. जीपीत शेजारची बाई विचारती, कुठं कामाला हाईस. मी म्हणते, सेनगावला, कम्प्युटरवर. ती म्हणती, टायपिंग करतीस का. न्हाई. मंग लाईटबिलं भरतीस का. न्हाई. मंग काय करतीस. मी म्हणते, शिकवणाऱ्या बायकायला शिकवायची सोय करते. मंग ती बाई तोंड फिरवून बाहेरचं सोयाबीन बघायला लागती.

तर ते असं हाये. गावात साक्षरतेचं केंद्र असतं. ज्यायची शाळा झाली न्हाई अशा मोठ्या बायका-माणसायला तिथं रानातून आल्यावर लिहायला-वाचायला शिकवतात. शिकवणारीला प्रेरिका म्हणतात. ही प्रेरिका काई मास्तरकीचं शिकलेली नसती, गावातलीच आठवी-नववी झालेली सून असती, माझ्यावानी. तिला खडू भेटतो, फळा भेटतो, पुस्तक भेटतं, पण आपल्यापेक्षा वयानं मोठ्या माणसाला शिकवायचं कसं ते तिला कोणी सांगत न्हाई. लेकराला रागावता येतं. आजीला रागावलं तर आजी उठून घरी जाती, अन् वरून तुमच्या सासूला सांगती. आधी वर्षाकाठी एकदा बोलवायचे, भाषण व्हायचं, जेवण व्हायचं, अन् आमी परत. हिंगोली जिल्हा परभणीतून निघून थोडेच वर्सं झाले व्हते, तवा औरंगाबादच्या एका संस्थेनं ठरवलं की प्रेरिकायला दर आठवड्याला कम्प्युटरवरून शिकवायचं. मॅडम तिकडं बसून बोलणार, आमी इकडं सेनगावला बसून ऐकणार अन् विचारणार. त्याला ऑनलाइन प्रशिक्षण म्हणायचे. एका वेल्डिंगच्या दुकानावरची खोली घेतली, कम्प्युटर आणला, त्याच्या डोक्यावर लिंबाएवढा कॅमेरा बसवला.

खोली उघडायला, मशीन लावायला अन् बायका जमवायला एक बाई पाहिजे व्हती. मी आमच्या गावची प्रेरिका व्हतेच, अन् आमचे हे सेनगाव-हिंगोली काळी-पिवळी जीप चालवतात, म्हणून माझं येणं-जाणं सोपं. माझी पोरगी तवा अंगावर पीत व्हती. आत्याबाई, म्हणजे माझी सासू, म्हणल्या, "जा बाई, पण लेकरू संगं ने. माझ्यापाशी ठिवलं तर त्याला दूध काय तुझा कम्प्युटर पाजणार हाये का?"

तशी मी गेले. चप्पल खोलीच्या बाहेर काढली, कारण कम्प्युटरला धूळ चालत न्हाई असं सांगितलं व्हतं, अन् खरं सांगायचं तर मला देवळात गेल्यावानीच भ्या वाटत व्हतं. संस्थेचा एक माणूस आला, त्यानं समदं दाखवलं, मी मान हलवली, तो गेला अन् मी समदं विसरले. कोणतं बटण आधी अन् कोणतं मंग. उलटं दाबलं अन् जळून गेलं तर भरून कोण देणार, ह्या भ्यानं पहिल्या दिवशी मी नुसतं फडकं मारून, कुलूप लावून घरी आले. दुसऱ्या दिवशी लेकरानंच खालचं बटण दाबलं, अन् चालू झालं. फोनच्या लायनीतून मशीन जोडताना ते आधी कुईकुई करायचं, मंग घरघर करायचं, घसा बसलेल्या माणसावानी. पुढं पुढं पोरीला त्या आवाजाची अशी सवय लागली की तो लागला की तिचे डोळे मिटायचे. घरी झोपंना तवा आमचे हे तोंडानं तसला आवाज काढायचे.

पहिल्या वर्गाला प्रेरिका आल्या अन् समद्या भिंतीला चिकटून, कॅमेऱ्याच्या बाजूबाजूला बसल्या. कॅमेऱ्यासमोर कोणीच न्हाई. मॅडम तिकडून म्हणतेत, "मला फक्त भिंत दिसते आहे. कुणी आलंय का?" अन् इकडं समद्या डोईवरचा पदर नाकापोतर ओढून गप. शोभा म्हणून तांड्यावरची प्रेरिका हाये, ती माझ्या कानात म्हणली, "तिकडून बाप्या माणूस बघत असंल तर?" मी म्हणले, "मॅडम हाये की." ती म्हणली, "मॅडमच्या मागं कोण हाये ते तुला काय ठाव?" मला बी ठाव न्हवतं. मंग मीच पोरीला मांडीवर घेऊन मधोमध बसले, कारण लेकरू मांडीवर असलं की मला कमी भ्या वाटतं. मॅडम म्हणल्या, "अरे वा, सगळ्यात लहान प्रेरिका." तेवढ्यावर दोघी-तिघी सरकल्या.

दुसरी तकलीफ आवाजाची. तिकडून बोललेलं इकडं उशिरा पोचायचं अन् इकडचं तिकडं त्याहून उशिरा. मॅडम विचारायच्या, "जेवण झालं का?" आमी गप, म्हणून त्या पुढं विचारायच्या, "वर्गात कुणी रडतं का?" अन् तवा आमचं उत्तर पोचायचं, "व्हय मॅडम, आत्ताच झालं." मंग मी एक नेम काढला. जिचं बोलून होईल तिनं शेवटी "झालं" म्हणायचं, अन् तोवर दुसरीनं तोंड उघडायचं न्हाई. मॅडम बी "झालं" म्हणायला लागल्या. आमच्या खोलीत अजून तोच नेम हाये. घरी बी भांडताना माझ्या तोंडातून निघतं.

अन् हे प्रशिक्षण खरंच कामाचं व्हतं का, असं कोणी विचारलं तर मी पंचशीलाचं सांगते. पंचशीला शेजारच्या गावची प्रेरिका, दहावी झालेली, आमच्यात समद्यात धीट. तिच्या वर्गात गयाबाई म्हणून एक म्हातारी यायची, रोज यायची, पण मागं बसून सुपात तूर निवडायची अन् पाटीला हात लावायची न्हाई. पंचशीलानं मॅडमला विचारलं, "ती नुसती टाइमपास करायला येती, तिला काढून टाकू का? झालं." मॅडम म्हणल्या, "काढू नकोस. तिला पाटी देऊ नकोस, सूप राहू दे. निवडलेली तूर सुपात पसरव आणि त्यात बोटानं अक्षर काढायला सांग. पाटीवर चुकलं की सगळ्यांना दिसतं. तुरीत चुकलं तर नुसतं सूप हलवायचं. झालं." पंचशीलाला पटलं न्हवतं, मला बी न्हाई, पण तिनं केलं. गयाबाईनं आधी "ग" काढला. मंग दोन दिवस सूप कोणाला देईना. लेखणी धरायच्या आधी तिनं तुरीत आपलं नाव काढलं, अन् पंचशीला पुढच्या वर्गात ते सांगताना "झालं" म्हणायचं विसरली.

ह्याच गयाबाईनं दसऱ्याला आमचा कॅमेरा आंधळा केला. आमच्याकडं दसऱ्याला औतं-अवजारं पुजतात, जीप पुजतात, खालच्या वेल्डिंगचं मशीन बी पुजलं, मंग कम्प्युटर काहून सोडायचा. मी हार घातला. गयाबाई पंचशीलासंगं मॅडम बघायला आली व्हती. तिनं हळदी-कुंकवाचं ताट घेतलं, मशीनला वरून खालून बघितलं अन् म्हणली, "ह्याचं कपाळ कुठं हाये?" कोणी तरी म्हणलं, तो वर डोळा हाये. तिनं त्या डोळ्यावरच ठसठशीत कुंकू लावलं, वरून हळद. वर्ग चालू झाला तर मॅडम म्हणतेत, "संगीता, तिकडे आग लागली आहे का? मला सगळं लाल दिसतंय." पुसायला गेले तर हळद फिरून पिवळं झालं. बरेच दिवस मॅडमला आमी समद्या कावीळ झाल्यावानी दिसत व्हतो.

असं चाललं व्हतं, अन् एके दिवशी मॅडम वर्ग संपल्यावर म्हणल्या, "संगीता, तू थांब." त्या म्हणल्या, सेनगावची खोली बंद करायचं वरती चाललंय. तिथं लाईट टिकत नाही, लाईन तुटते, त्यापेक्षा जिल्ह्याला एकच चांगली खोली करू, हिंगोलीला.

ऐकणाऱ्याला वाटंल, मंग काय झालं, हिंगोली काय लांब हाये. पण सेनगावला जाणं म्हणजे बाजाराला जाऊन आल्यावानी, अन् हिंगोलीला जाणं म्हणजे गाव सोडल्यावानी. शोभाला तांड्यावरून रस्त्याला पायी यावं लागतं, मंग सेनगावची जीप, मंग हिंगोलीची जीप, परत यायला दिवस मावळतो. तिच्या सासऱ्यानं सेनगावलाच किती मिनतवारीनं हो म्हणलं व्हतं. पंचशीलाच्या घरी म्हशी. बाकीच्यायला अंगावरचे लेकरं. हिंगोलीला खोली गेली की आमच्यातली एक बी जाणार न्हवती, हे मला त्याच वक्ताला कळलं. अन् माझं तर कामच जाणार व्हतं, पण ते मी मॅडमला म्हणले न्हाई. नुसती रडायला लागले. लेकरू बी रडायला लागलं. मॅडम म्हणल्या, "रडू नका दोघी. मी संस्थेच्या साहेबांकडून एक संधी मागितली आहे. ते कॅमेऱ्यातून तुमचा एक वर्ग बघतील. प्रेरिका खरंच काही शिकल्या असतील तर त्यांच्या बायकांच्या वाचण्यात दिसेल. शोभा आणि पंचशीला, दोघींनी आपापल्या बायका घेऊन यायचं."

मंग आमी तालीम ठिवली. साक्षरतेत समद्यात आधी पूर्ण नाव शिकवतात, म्हणजे अंगठा जाऊन सही येती. बाईचं नाव, मधी नवऱ्याचं नाव, मंग आडनाव. समद्या बायकायनी आपल्या नावाचे कार्डं केले व्हते, मोठ्या झोकात. मॅडम तिकडून म्हणल्या, "छान. आता एकेकीनं आपलं कार्ड वाचून दाखवा."

पहिली बाई उठली. "सोनीबाई." मंग गप. मंग "राठोड." अन् बसली. मॅडम म्हणल्या, "मधला शब्द राहिला." सोनीबाई खाली बघती. दुसरी उठली, तिनं बी तसंच. गयाबाईनं "गयाबाई" म्हणलं, खोकली, अन् "खंदारे" म्हणलं. मॅडमचा चेहरा उतरला. "म्हणजे ह्यांना मधला शब्द वाचताच येत नाही. नुसता गिरवून घेतलाय. पंचशीला, हे घोकंपट्टीचं काम आहे, आपण इतके दिवस ह्याच्याच विरुद्ध बोलतोय ना?" पंचशीलाचं तोंड एवढुसं झालं. "संगीता, तू तरी वाचून दाखव त्यांना, कसं सलग वाचायचं ते."

मी माझं कार्ड घेतलं. "संगीता," म्हणले. पुढचं अक्षर मला दिसत व्हतं, माझ्याच हातचं व्हतं, पण जीभ उचलंना. लगीन झाल्यापासून ते नाव मी लग्नातल्या उखाण्याशिवाय कवा घेतलं न्हवतं. मॅडम बघून राहिल्या व्हत्या, मी बघून राहिले व्हते, अन् तेवढ्यात लाईट गेली.

अंधारात पंचशीला भडकली. "गयाबाई, काय तकलीफ व्हती तुला? तुरीत काढती, पाटीवर काढती, अन् वाचायच्या वक्ताला तोंडात पाणी धरल्यावानी गप."

गयाबाई म्हणली, "पोरी, तू घे बरं तुझ्यावाल्याचं. आत्ता. समद्यायसमोर."

पंचशीलानं तोंड उघडलं. मिटलं. मंग पदर तोंडाला लावला अन् तिचे खांदे हलायला लागले. मला वाटलं रडून राहिली, तर हसून राहिली व्हती. मंग शोभा हसली, मंग समद्याच. तवा आमच्या ध्यानात आलं की इतके दिवस आमी हेच करून राहिलो. दर वर्गात बायका मधलं नाव गिळत व्हत्या, अन् आमी प्रेरिका बी बायकाच, म्हणून आमाला ते गिळलेलं कवा ऐकूच आलं न्हाई. आमाला ते बराबरच वाटत व्हतं.

"पण आता सायेबापुढं कसं?" मी म्हणले.

गयाबाई म्हणली, "आपल्यावाल्याचं सोडून बोल. त्या तांड्यावरच्या बायकायच्या नवऱ्यायचे नावं दे मला, दिसभर घेते. माझं काय जातं?"

ती मजाक करून राहिली व्हती. पण शोभा हसायची थांबली. म्हणली, "मंग घे की. कार्डं बदलू. आमच्या तांड्याचे तुमी वाचा, तुमच्या गावचे आमी वाचतो."

हे गावातल्या गावात जमलं नसतं. गावात कार्डं बदलले तर एकीचा जेठ निघतो, दुसरीचा मामेसासरा, ते नावं बी घेता येत न्हाईत. पण तांडा अन् पंचशीलाचं गाव, मधी सेनगाव, त्यायची एकमेकाशी सोयरीक न्हाई, वळख न्हाई. ह्या खोलीतच काय ती भेट.

खालच्या एस.टी.डी. बूथवरून मी मॅडमला फोन लावला. कम्प्युटरवर बोलायचं भ्या गेलं व्हतं पण फोनवर अजून व्हतं, म्हणून मी डोळे मिटून एका दमात समदं सांगितलं. तिकडं आवाज न्हाई. मला वाटलं लाईन तुटली. मंग सवयीनं म्हणले, "झालं."

मॅडम म्हणल्या, "ऐकतेय गं. मला माझी आई आठवली. माझ्या शाळेच्या फॉर्मवर काय लिहायचं विचारलं, की ती वडिलांच्या फोटोकडे बोट दाखवायची." मंग म्हणल्या, "साहेबांना आधी काही सांगू नका. कार्डं बदला."

सायेब बघणार त्या दिवशी सकाळपासून मला दम न्हाई. लाईट जाणार हे पक्कं व्हतं. खालच्या वेल्डिंगवाल्या रशीदचाचानं ट्रॅक्टरची बॅटरी आणून इन्व्हर्टरला जोडून दिली, म्हणले, "डर मत बेटी, इसपे ट्रॅक्टर चालू होता, तेरा डब्बा क्या चीज है." आत्याबाई लेकरू सांभाळायला म्हणून आल्या, खरं तर बघायला आल्या. एका बाजूला तांड्यावरच्या बायका, एका बाजूला पंचशीलाच्या गावच्या. गयाबाईच्याच सुपात समदे कार्डं ठिवले, तांड्याचे एका कडंला अन् गावचे दुसऱ्या. कॅमेऱ्यात मॅडम, अन् त्यायच्या शेजारी चष्मेवाले सायेब, हाताची घडी घातलेले.

पहिलीनं कार्ड उचललं अन् वाचलं, मधल्या नावासकट, अडखळत पण समदं. ज्या बाईचं कार्ड व्हतं तिनं नवऱ्याचं नाव दुसरीच्या तोंडून ऐकलं अन् पदरात तोंड घातलं. बायका फिदीफिदी हसल्या. दुसरीनं वाचलं, परत हसल्या. तिसरी तर वाचायच्या आधीच हसायला लागली. सायेब म्हणले, "हसण्यासारखं काय आहे?" मॅडमनं त्यायच्या कानात काई तरी सांगितलं. सायेबायनी घडी सोडली, जरा पुढं सरकले. मला वाटलं, आता जमलं.

अन् तवाच गयाबाई उठली. सुपातून कार्ड काढलं. डोळ्यापाशी नेलं, लांब नेलं. "सोनीबाई," म्हणली.

अन् थांबली.

मी तिच्या खांद्यावरून बघितलं. कार्डावर लिहिलेलं व्हतं, सोनीबाई किसन राठोड. अन् गयाबाईच्या मालकाचं नाव बी किसन. जिल्ह्यात किसन किती असतील, पण हे माझ्या डोक्यातच आलं न्हाई. पंचशीला माझ्याकडं बघती, मी तिच्याकडं बघते. तिकडून सायेबायचा आवाज आला, "आजींना येत नाही वाटतं. असू द्या. पुढच्या बाईंना सांगा."

मॅडमला ते कळलं नसणार, कारण त्यायला गयाबाईच्या मालकाचं नाव ठाव असायचं काई कारण न्हवतं. पंचशीलाचे डोळे भरले. एवढ्या तुरीतून अक्षर काढलेली बाई, अन् तिलाच येत न्हाई म्हणून लिहिणार.

"थांबा सायेब," गयाबाई म्हणली. तिनं कार्ड आत्याबाईच्या हातात दिलं, डोईवरचा पदर सारखा केला, लुगडं नीट केलं, अन् कॅमेऱ्याच्या बराबर समोर जाऊन उभी राहिली. मंग लग्नातल्या नवरीवानी नजर खाली करून म्हणली:

"सेनगावच्या माडीवर कम्प्युटरचा डोळा,
किसनरावांचं नाव वाचते, बायका झाल्या गोळा."

मंग आत्याबाईकडून कार्ड परत घेतलं, अन् एकेका अक्षरावर बोट ठिवून समदं वाचलं, "सोनीबाई किसन राठोड." अन् खोलीचा नेम म्हणून शेवटी म्हणली, "झालं."

इकडं खोलीत एकच गलका. तिकडं सायेब तसेच बसलेले, तोंड हलंना. मंग उशिरा, नेहमीवानी, त्यायचं हसू पोचलं. मोठ्यानं हसत व्हते, चष्मा काढून डोळे पुसत व्हते.

म्हणले, "आजी, हे पाठ करून आणलं होतं का?"

गयाबाई म्हणली, "पाठ कसं असंल? कार्ड तर आत्ता हातात आलं. अन् तुमच्या मंडळी घेतेत का तुमचं नाव?"

सायेब म्हणले, "ती तर दिवसभर नावानंच हाक मारते." हे ऐकून समद्या बायकायनी तोंडाला हात लावले. आत्याबाई मला हळूच म्हणल्या, "बिचारा."

सायेबायनी मंग मॅडमला विचारलं, ह्या दोन गावच्या बायका एकमेकींना कशा काय ओळखतात. मॅडम म्हणल्या, "ओळखत नव्हत्या. ह्या खोलीत ओळख झाली." तेवढ्यावर लाईन बंद झाली.

मंग पुढं बरेच दिवस काई कळंना. मी रोज खोली उघडायची, फडकं मारायची, अन् आज निरोप येतो का उद्या म्हणून कम्प्युटरकडं बघायची. शेवटी मॅडमनं वर्गात मधूनच, तिसऱ्याच विषयावर बोलता बोलता सांगितलं, "सेनगावची खोली राहतेय. चांगली बॅटरी मंजूर झाली आहे. आता पुढचं पान काढा." आमी पान काढलं न्हाई.

कार्डं बदलून वाचायची ही रीत मंग मॅडमनं दुसऱ्या तालुक्यायला बी सांगायची ठरवली, अन् म्हणल्या, संगीता, तूच सांग. औंढ्याच्या प्रेरिका, वसमतच्या प्रेरिका, समद्या आपापल्या कम्प्युटरपुढं बसलेल्या, अन् मी पहिल्यांदाच बोलणारी. भ्यानं मी सुरुवातीलाच "झालं" म्हणले. समद्या तिकडं थांबल्या की हिचं तर झालं. मंग पोरगी मांडीवर चढली, कॅमेऱ्याला हात लावायला लागली, तिला आवरता आवरता मी कवा बोलायला लागले ते मलाच कळलं न्हाई. आता तो एक तास माझाच असतो. नव्या प्रेरिकायला मी आधी त्यायचं स्वतःचं कार्ड वाचायला लावते. त्या मधी थांबल्या की थांबू देते. मंग म्हणते, आता ध्यानात ठेवा, तुमच्या वर्गातल्या बायका बी इथंच थांबतेत.

समदंच चांगलं झालं असं न्हाई. दिवाळी झाली की अर्धा तांडा ऊसतोडीला जातो, शोभा बी जाती, अन् तिचं केंद्र उन्हाळ्यापोतर बंद पडतं. परत आल्यावर बायका अर्धं विसरलेल्या असतेत. त्याच्यावर कम्प्युटरपाशी इलाज न्हाई, मॅडमपाशी बी न्हाई, माझ्यापाशी तर न्हाईच. ते मला लागून राहतं. औंदा जाताना ती खोलीवर आली व्हती. म्हणली, कार्डं संगं नेऊन राहिले, तिकडं दुसऱ्या जिल्ह्याच्या टोळ्या असतेत, त्यायच्या बायकायसंगं बदलून बघते. बघू, आल्यावर सांगंल.

माझी पोरगी आता पहिलीत हाये. परवा तिला शाळेतून घेतलं अन् आमच्या ह्यांच्याच जीपीत पुढं बसून घरी चाललो व्हतो. मागं शीटा भरलेल्या. तिनं माझ्या पिशवीत हात घातला अन् माझं ते जुनं कार्ड काढलं, कडा दुमडलेलं. समदं मोठ्यानं वाचून काढलं, बापाच्या नावासकट, अन् म्हणली, "आई, आता तू."

मागची एक म्हातारी हसली. आमचे हे समोर रस्त्याकडं बघत व्हते. मी कार्ड हातात घेतलं. दर महिन्याला नव्या नव्या बायकायला जिथं थांबू देते, तिथंच मी थांबले. पोरगी माझ्या तोंडाकडं बघत व्हती. मंग मी वाचलं. तिन्ही शब्द, मधला बी, जीपीत ऐकू जाईल एवढ्या आवाजात.

ह्यायनी नुसता हॉर्न वाजवला. रस्त्यावर कोणीच न्हवतं.